टर्कींच्या भल्यासाठी जेलिको माळाचा दावा लांबवण्याबाबत

प्रति,
मा. प्रादेशिक वन्यपक्षी अधिकारी,
राज्य शिकार व मत्स्य खाते, चौथा विभाग,
कॅल्डर सिटी.

अर्जदार : (१) लॉन्झो टॅकेट, शेतकरी, राहणार ब्रॅम्बल खोरे. (२) मिलबर्न स्पायसर, त्याचा मेहुणा, राहणार स्पायसर खोरे. (क्रमांकावरून मतभेद झाल्याने नाणे उडवण्यात आले. नाणे लॉन्झोचे होते, याची नोंद व्हावी असा मिलबर्नचा आग्रह आहे. नोंद केली आहे.)

विषय : जेलिको माळाचा दावा कोर्टाने इतक्यात निकाली काढू नये, अशी शिफारस रानटर्कींच्या हितार्थ आपल्या कार्यालयाकडून मिळणेबाबत.

संदर्भ : लॉन्झो टॅकेट याचे तीन तक्रार अर्ज व मिलबर्न स्पायसर याचे चार (पैकी एक बिनसहीचा, पण अक्षर त्याचेच). हे सगळे अर्ज याद्वारे मागे घेण्यात येत आहेत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार आपणास सविनय कळवतात की, अर्ज दोघांचा असला तरी लेखणी लॉन्झोच्या हाती आहे, कारण मिलबर्नचा चष्मा त्याच्याच कुत्र्याने चावला आहे. मिलबर्न शेजारी बसून मजकूर ऐकत आहे. जेथे त्याचे व लॉन्झोचे जमले नाही तेथे तसे नमूद केले आहे. पुढील मजकुरात सोयीसाठी दोघांचा उल्लेख नावानेच केला आहे.

आपल्या आधीच्या साहेबांच्या कारकिर्दीत खात्याने ब्रॅम्बल खोऱ्यात टर्की सोडल्या होत्या, त्याचा अनुभव आपल्या दप्तरी नसेल, म्हणून थोडक्यात सांगणे भाग आहे. ते पक्षी खुराड्यात वाढवलेले होते. अंगाने भरलेले, दिसायला देखणे आणि स्वभावाने इतके गरीब की माणसाला पाहून पळण्याऐवजी विचारपूस केल्यासारखे जवळ येत. टपालाच्या गाडीमागे ते धावत. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर रांगेने बसत, आणि रेव्हरंड ऑटिस पूल यांनी प्रवचनात आवाज चढवला की बाहेरूनही तसाच आवाज चढे. एवढी तत्पर मंडळी आपल्याला उभ्या आयुष्यात लाभली नव्हती, असे रेव्हरंड अजून सांगतात. अडचण एवढीच झाली की कोल्हा आला तरी ते त्याच आदराने उभे राहत. कोल्ह्यांकडून जे उरले ते थँक्सगिव्हिंगच्या सणातल्या मेजवान्यांनंतर कोणास दिसले नाहीत. कोणाच्या ताटात किती गेले, याबाबत लॉन्झो व मिलबर्न यांची मते भिन्न आहेत. ती येथे मांडण्याचे प्रयोजन नाही.

त्यानंतर आपण आलात. शाळेत सभा घेऊन आपण समजावून सांगितलेत की, खुराड्यातला पक्षी रानात टिकत नाही, रानातलाच पक्षी जाळ्यात धरून आणावा लागतो, आणि त्याआधी रान त्याच्या राहण्याजोगे करावे लागते. लॉन्झो त्या सभेत पहिल्या बाकावर होता. त्याच्या लहानपणी त्याचे आजोबा त्याला खांद्यावर बसवून डोंगरात नेत आणि पहाटे नर टर्की ओरडला की म्हणत, "ऐकलंस? डोंगर खाकरला." तो आवाज डोंगरातून जाऊन पन्नास वर्षे होत आली होती. ऐकणारी माणसेही एकेक करून गेली. तो आवाज मरण्याआधी पुन्हा एकदा ऐकावा, एवढीच लॉन्झोची इच्छा होती. ही गोष्ट त्याने सभेत सांगितली नाही, कारण सभेत मिलबर्नही होता.

आपल्या सूचनेबरहुकूम लॉन्झोने सगळे खोरे कामाला लावले. दर वसंतात रानाला वणवा लावायची आमच्याकडची जुनी चाल बंद केली. त्यामुळे गोचिड्या इतक्या माजल्या की माणसे चर्चमध्ये प्रार्थना सोडून पाय खाजवू लागली. जुने ओक तोडायचे थांबवले. झाडीत मोकळवणी काढून तिथे क्लोव्हरचे गवत पेरले. कुत्री साखळीला गेली. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, रानात मोकाट चरून ओकची फळे फस्त करणारी डुकरे कुंपणात कोंडली. ही डुकरे लॉन्झोची पत्नी झेल्मा हिची होती. ती म्हणाली, "अहो, टर्की येणार म्हणून माझी डुकरं कोंडलीत. उद्या हरणं येणार म्हटलं, तर मला कुठल्या खुंट्याला बांधणार आहात?" त्या हिवाळ्यात लॉन्झोला न्याहारीला नुसती मक्याची लापशी मिळत असे, व तीही थंड.

ओढ्यापलीकडे स्पायसर खोऱ्यात मिलबर्नने यातले काडीचेही काम केले नाही. कोर्टातल्या दाव्यापासून (त्याचा तपशील पुढे येईल) लॉन्झो त्याच्याशी बोलत नसे. मिलबर्न मात्र ओढ्याकाठच्या कुंपणावर बसून सफरचंद खाई आणि कुंपणालाच उद्देशून मोठ्याने बोले. "कुंपणा, आमच्या दाजींना सांग, पाहुणे यायच्या आधी घर एवढं झाडू नये. पाहुण्यांना वाटेल, लिलाव आहे." हे वाक्य मिलबर्नला मान्य आहे. आत्ता ते लिहिताना तो हसला.

पक्षी सोडण्याचा दिवस आपल्या चांगलाच स्मरणात असेल. आपण गाडीतून पुठ्ठ्याची खोकी आणलीत. सगळे खोरे जमले होते. झेल्माने राग बाजूला ठेवून ब्लॅकबेरी भरलेला 'पाय' हा गोड पदार्थ भाजला होता. शाळेच्या बँडमधला कॉर्नेट वाजवणारा गडी टाय लावून उभा होता. आपण खुणेने सगळ्यांना मागे सरायला सांगून खोक्यांची झाकणे उघडलीत. रानटर्की जमिनीवरून ऐटीत चालत लॉन्झोच्या मोकळवणीत जातील, क्लोव्हर चाखतील, असे सगळ्यांना वाटले होते. प्रत्यक्षात ते तोफेतून सुटावे तसे सुटले. एकाचाही पाय ब्रॅम्बल खोऱ्याच्या मातीला लागला नाही. लोकांच्या टोप्या उडवत ते थेट ओढ्यापलीकडे गेले आणि स्पायसर खोऱ्याच्या झाडीत दिसेनासे झाले. कॉर्नेटवाला तरीही वाजवतच होता, कारण त्याला थांबा म्हणून कोणी सांगितले नव्हते. पलीकडे कुंपणावरून मिलबर्नने पक्ष्यांना टोपी काढून अभिवादन केले.

आपण लॉन्झोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "टॅकेटसाहेब, त्यांना नकाशा वाचता येत नाही हो."

"मग शिकवून आणायचं होतं!" असे लॉन्झो बोलून गेला. त्या उद्धट शब्दांबद्दल तो दिलगीर आहे. त्याने त्या दिवशी झेल्माचा तो गोड पदार्थही चाखला नाही, यावरून त्याची अवस्था आपल्या लक्षात यावी.

पुढे बर्फ वितळले, डॉगवुडची झाडे फुलली, आणि रोज पहाटे ओढ्यापलीकडून नर टर्कीचा आवाज येऊ लागला. तोच तो, भरली घागर उपडी केल्यावर पाणी भुडभुडावे तसा. लॉन्झो ओसरीवर उभा राहून ऐके. आवाज खराच होता, पण चुकीच्या काठावरून येत होता. दुपारी टपाल कचेरीत मिलबर्न तिथल्या खिडकीला उद्देशून म्हणे, "खिडकीबाई, जरा हळू बोला. आमच्याकडचे टर्की रात्रभर गातात, माझी झोप होत नाही." लॉन्झोचे तीन तक्रार अर्ज याच काळातले. त्यांत स्पायसर खोऱ्यात दारूत भिजवलेला मका टाकून पक्ष्यांना भुलवले जाते, असा आरोप आहे. तो आता खोटा असल्याचे सिद्ध झाले आहे. मिलबर्नकडची दारू असल्या कामावर खर्च होणे शक्य नाही, ही गोष्ट लॉन्झोने तेव्हाच ध्यानात घ्यायला हवी होती. मिलबर्नचे चार अर्जही त्याच काळातले, व त्यांत पक्षी लॉन्झोने परत फितवून आपल्या धान्याच्या कोठारात दडवल्याचा आरोप आहे. त्याच पक्ष्यांबद्दल दोन्ही काठांवरून चोरीची तक्रार आलेली पाहून आपणास काय वाटले असेल, याची कल्पना अर्जदारांना आहे.

शेवटी लॉन्झोने आपल्या आजोबांची कला आठवली. पाटीचा तुकडा आणि देवदाराची काडी घेऊन विशिष्ट तऱ्हेने घासली की मादीच्या हाकेसारखा आवाज निघतो, आणि तो ऐकून नर येतो. शिकारबंदी असल्याने त्याने बंदूक घरीच ठेवली. त्याला पक्षी मारायचा नव्हता, वळवायचा होता. पहाटे ओढ्याकाठच्या विलोच्या झुडपांत बसून त्याने पाटी घासली. पलीकडून लगेच उत्तर आले. लॉन्झोने पुन्हा मादीची हाक दिली, या वेळी जरा लाडिक. उत्तर जवळून आले. मग लॉन्झो गुडघ्यांवर पाण्यात उतरला. ओढा एप्रिलातला, म्हणजे हाडे गोठवणारा. इकडून हाक, तिकडून उत्तर, असे करत तो पलीकडच्या काठाला लागला. एका झुडपापलीकडे पानांची सळसळ झाली. लॉन्झोने हळूच फांदी बाजूला केली.

समोर हातभर अंतरावर, चारी पायांवर, ओल्या दाढीला पाने चिकटलेला मिलबर्न होता. त्याचा गळा अजून फुगलेला होता.

"दाजी?"

"मिलबर्न?"

"म्हणजे ती मादी तुम्ही?"

"आणि तो नर तू?"

मग मिलबर्नने खरे काय ते सांगितले. पक्षी सोडले त्या दिवसानंतर त्यालाही टर्कीचे नखसुद्धा दिसले नव्हते. लॉन्झोला चिडवावे म्हणून तो स्वतःच रोज पहाटे उठून गळ्यातून आवाज काढत होता. आज समोरून मादीची हाक आली तेव्हा त्याला वाटले की आपल्या आवाजाला भुलून खरी टर्की आली, आणि तो पाहायला निघाला. "दाजी, काय सांगू, काळजात कालवाकालव झाली माझ्या. एवढी गोड हाक मला जन्मात कोणी मारली नव्हती." त्याने त्या वेळी बंदूक बाळगली नव्हती, हे लॉन्झो शपथेवर सांगतो. त्याने पायात बूटही घातले नव्हते.

मग शिव्यागाळ झाली. ती वगळली आहे.

"खोटारड्या, महिनाभर मला ओसरीवर उभं केलंस!"

"तुम्ही तर मला बायको होऊन फसवलंत! आणि पक्षी कुठे लपवलेत ते बोला आधी."

"माझ्याकडे असते तर मी असा पाण्यात—"

एवढ्यात तोच आवाज पुन्हा झाला. लॉन्झोने मिलबर्नच्या तोंडाकडे पाहिले. मिलबर्नने लॉन्झोच्या तोंडाकडे पाहिले. दोघांचीही तोंडे मिटलेली होती. आवाज वरून, जेलिको माळावरून आला होता.

येथे जेलिको माळाबद्दल सांगणे प्राप्त आहे. दोन खोऱ्यांच्या मधल्या डोंगरमाथ्यावरची ही चाळीस एकर जमीन मिलबर्न व झेल्मा यांच्या दिवंगत आई ऑर्फा स्पायसर यांची. त्यांनी मृत्युपत्रात लिहिले, 'माळ त्याचा, जो त्याची नीट काळजी घेईल.' त्यावरून जो दावा उभा राहिला तो आजतागायत चालू आहे. निकाल लागेपर्यंत लॉन्झो टॅकेट व मिलबर्न स्पायसर यांनी माळावर पाय ठेवू नये, असा कोर्टाचा हुकूम आहे. अर्जदार कायदा पाळणारे नागरिक आहेत. त्यांनी माळावर पाय ठेवला नाही. तारेच्या कुंपणाखालून ते पोटावर सरपटत आत गेले व पोटावरच सरपटत बाहेर आले. त्यांचे पाय गुडघ्यात दुमडून वर, हवेत होते. याबाबत जज्जसाहेबांनी विचारणा केल्यास आपण हे त्यांच्या निदर्शनास आणावे, आणि न केल्यास आणू नये.

आत जे दिसले ते सांगायला लॉन्झोजवळ पुरेसे शब्द नाहीत. दाव्याच्या पहिल्या दिवसापासून त्या माळावर कोणी नांगर घातला नव्हता, गुरे सोडली नव्हती, वणवा लावला नव्हता की झाड तोडले नव्हते. गवत कमरेएवढे झाले होते. कडेने ब्लॅकबेरीच्या जाळ्या माजल्या होत्या. त्यांमागे ऑर्फाबाईंचे म्हातारे ओक उभे होते, आणि खाली मागच्या सालची फळे अजून पडलेली होती. आपण सभेत फळ्यावर खडूने जे काढून दाखवले होते, तेच हे. लॉन्झोने सगळ्या खोऱ्याला राबवून जे साधले नव्हते, ते दोन माणसांच्या भांडणाने आपोआप झाले होते. आणि त्या गवताच्या मधोमध नर टर्की पिसारा फुलवून उभा होता. उन्हात त्याचे अंग तांब्याचे, हिरवे, पुन्हा तांब्याचे होत होते. माद्या चरत होत्या व त्याच्याकडे मुळीच लक्ष देत नव्हत्या. मग त्याने मान पुढे काढली व तो ओरडला.

"डोंगर खाकरला," लॉन्झो म्हणाला.

मिलबर्नच्या डोळ्यांत पाणी होते. ते गवताच्या परागामुळे होते, असे त्याचे म्हणणे आहे.

घरी आल्यावर लॉन्झोने झेल्माला सगळे सांगितले. तिने टोपी घातली व ती माळाकडे निघाली. लॉन्झो म्हणाला, "अगं, हुकूम आहे कोर्टाचा!" ती म्हणाली, "हुकुमात तुमची दोघांची नावं आहेत. माझ्या आईची जमीन, तरी मला विचारायचं कोणाला सुचलं नाही. तेव्हा मला बंदीही नाही." ती फाटकातून सरळ, ताठ चालत आत गेली. लॉन्झो व मिलबर्न कुंपणाबाहेर उभे राहिले. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा निराळाच दिसत होता. आईच्या पडक्या घराच्या चुलाण्याशी एक मादी अंड्यांवर बसली आहे, एवढेच ती म्हणाली. नेमकी जागा विचारली असता तिने उत्तर दिले, "सांगणार नाही. तुम्ही दोघं त्याच्यावरही दावा लावाल." नंतर मेमध्ये अंडी फुटली. पिल्ले किती, कशी, कोणत्या रंगाची, हे अर्जदारांना तिच्याकडून तुकड्यातुकड्याने व तेही कामे केल्यावरच कळते.

आता मूळ अडचण अशी की, शरदात दाव्याचा निकाल आहे. लॉन्झोने भर चर्चमध्ये सांगून ठेवले आहे की, माळ आपल्याला मिळाला तर त्यात गुरे सोडीन. मिलबर्नने टपाल कचेरीत सांगून ठेवले आहे की, आपल्याला मिळाला तर सगळे ओक पिंपांच्या फळ्या कापणाऱ्या कारखान्याला देईन. दोघांनाही आता यातले काहीच करायचे नाही. परंतु आपण होऊन माघार घेतली, तर जो आधी घेईल त्याला समोरच्या खोऱ्यातली लहान मुलेसुद्धा हसतील. दोघांनी एकाच वेळी, तीन म्हणताच माघार घ्यावी, असाही प्रयत्न झाला. दोघेही दोनवर थांबले, समोरचा काय करतो ते पाहायला. सरकारनेच हात बांधले, तर मात्र कोणाचीही मान खाली जाणार नाही. उलट दोघांनाही सरकारला जन्मभर नावे ठेवता येतील, व ती ठेवण्याची ते हमी देतात.

सबब अर्जदारांची विनंती की, जेलिको माळ हा टर्कींच्या विणीचा मुलूख असल्याचे आपण कोर्टास कळवावे व पक्षी चांगले रुजेपर्यंत दावा जमेल तितका लांबवण्याची शिफारस करावी. कोर्टास दावे लांबवण्याचा सराव असल्याने त्यास हे जड जाऊ नये. दाव्यासाठी लागणारी नवनवी कारणे पुरवण्याची जबाबदारी अर्जदार घेतात. ब्रॅम्बल खोऱ्यातली डुकरे कुंपणातच राहतील. स्पायसर खोऱ्यातलीही कोंडण्याचे मिलबर्नने मान्य केले आहे. (मिलबर्न : "विचार करीन म्हटलं होतं." लॉन्झो : मान्य केले आहे.)

तसेच, आपण पाहणीस याल तेव्हा झेल्मा आपणास आत नेईल. त्या वेळी दोन्ही अर्जदारांना सरकारी मदतनीस म्हणून पाच मिनिटे तरी सोबत घेण्याचा लेखी हुकूम असावा. पोटावर येण्याची दोघांची तयारी आहे.

आपले, एका ओढ्याच्या दोन काठांवरून,

लॉन्झो टॅकेट (सही)
मिलबर्न स्पायसर (सही, चष्म्याविना)

ब्रॅम्बल खोरे, दि. ११ जून १९६१

सोबत : मादीचे एक पीस. जमिनीवर सापडलेले, उपटलेले नाही.

शेरा, झेल्मा टॅकेट हिच्या हातचा : साहेब, वरचं मी वाचलं. निम्मं खरं आहे, पण टर्कींचं सगळं खरं आहे. ह्या दोघांना आत न्यायचं की नाही ते माझ्यावर सोडा. दोघांनाही खोकला आहे. तुम्ही दावा मात्र नक्की लांबवा. कोर्टात काय म्हणायचं ते ठरवायला मिलबर्न आता रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर भांडायला येतो. भांडण जेवणापर्यंत चालतं, मग त्याला जेव म्हणावंच लागतं. आई गेल्यापासून माझा भाऊ माझ्या हातचं जेवला नव्हता. काल त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.